गिटारवर वेगात वाजवताना हात का अडतो? पिकिंगचा वेग कसा वाढवायचा?

कॉर्ड जमतात, रिदमही हातात बसतो; पण सोलो आला की हात अडतो. सूर एकमेकांत घुसतात, मनगट ताठ होतं आणि थोड्याच वेळात कोपराखाली दुखायला लागतं. गिटार शिकणाऱ्या अनेकांची ही तक्रार असते आणि त्यावरचा सल्लाही ठरलेला असतो : 'रियाज वाढव.' मात्र हालचालच चुकीची असेल, तर रियाजाने चूक पक्की होते आणि दुखणंही वाढतं.

वेग ताकदीतून येत नाही. तो छोट्या आणि सैल हालचालीतून येतो. ही हालचाल कशी बसवायची, ते समजून घेऊया.

वेग मोजतात कसा?

मेट्रोनोमवर ६० बीपीएम म्हणजे मिनिटाला ६० ठोके, सेकंदाला एक. प्रत्येक ठोक्यात ४ सूर वाजवले, म्हणजे तबल्याच्या भाषेत चौगुन केली, की सेकंदाला ४ सूर होतात. १२० बीपीएमवर हेच ८ होतात आणि १५० वर १०. म्हणजे १२० वर एका स्ट्रोकसाठी सेकंदाचा आठवा भागच मिळतो. पिक दर वेळी तारेपासून लांब जात असेल, तर हा वेळ जाण्या-येण्यातच संपतो.

पिक कसं धरायचं?

पिक म्हणजे तार छेडायची छोटी चकती. ती अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये धरतात. टोक काही मिलिमीटरच बाहेर ठेवावं. जास्त बाहेर असेल तर ते तारेत खोल जाऊन अडकतं. पिक तारेला अगदी समांतर न धरता किंचित तिरकं धरलं, की कड तारेवरून सहज घसरते. फार पातळ पिक वाकतं आणि सरळ व्हायला वेळ घेतं. म्हणून वेगाने सोलो वाजवणारे अनेक जण १ मिमी किंवा त्याहून जाड पिक पसंत करतात.

पकड किती घट्ट हवी? पिक हातातून पडणार नाही, इतकीच. वेग वाढला की पकड नकळत आवळली जाते आणि हात अडायची सुरुवात तिथूनच होते.

अल्टरनेट पिकिंग म्हणजे काय?

एक स्ट्रोक खाली, एक वर, पुन्हा खाली, पुन्हा वर. सतारीवर आणि सरोदवर 'दा' आणि 'रा' हे बोल आलटून पालटून वाजवतात, त्याच धर्तीवरचं हे तंत्र आहे. फक्त खालचे स्ट्रोक वाजवले तर परत वर येण्याची हालचाल वाया जाते. इथे तीच हालचाल दुसरा सूर देते.

एका तारेवर हे लवकर जमतं. खरी अडचण तार बदलताना येते. स्ट्रोक संपल्यावर पिक दोन तारांच्या मध्ये अडकलेलं असेल, तर पुढच्या तारेवर जाण्यासाठी ते आधी बाहेर काढावं लागतं. म्हणून तार बदलण्याआधीचा स्ट्रोक पिकला तारांच्या वर आणून सोडेल, अशा बेताने मनगटाचा कोन ठेवतात.

दुसरा मार्ग इकॉनॉमी पिकिंगचा. जाड तारेवर खाली-वर-खाली असे ३ सूर वाजवले, की त्याच खालच्या स्ट्रोकमध्ये पुढची बारीक तार छेडायची. एक हालचाल वाचते. ऑस्ट्रेलियन गिटारवादक फ्रँक गॅम्बाले याच पद्धतीसाठी ओळखले जातात, तर अमेरिकेचे अल डी मिओला अल्टरनेट पिकिंगसाठी. दोघेही प्रचंड वेगात वाजवतात. म्हणजे एकच पद्धत बरोबर, असं नाही.

चूक नेमकी कोणत्या हाताची?

हे तपासणं सोपं आहे. डाव्या हाताने काहीही न दाबता, एकाच मोकळ्या तारेवर हव्या त्या वेगात पिकिंग करून पाहा. ते स्वच्छ आलं, तर उजव्या हाताचा वेग पुरेसा आहे. गडबड डाव्या हाताची, दोन हातांच्या मेळाची किंवा तार बदलण्याची आहे. मोकळ्या तारेवरही अडखळलं, तर आधी पिकिंगवर काम हवं.

रियाज कसा करावा?

मेट्रोनोम संथ ठेवून सुरुवात करा. सूर स्वच्छ आले की ठोके ४-५ ने वाढवा. पण एवढ्यावर थांबू नका. संथ लयीत मोठी, ढोबळ हालचालही खपून जाते. वेगात ती चालत नाही. म्हणून अधूनमधून फक्त ५ सूर पूर्ण वेगात वाजवा, थांबा, हात सैल सोडा आणि पुन्हा वाजवा. त्यातून वेगातली हालचाल कशी असते, हे हाताला कळतं. मग तीच छोटी हालचाल संथ लयीत वापरा. मोबाइलवर स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करून ऐकल्यास वाजवताना न जाणवलेल्या चुका सापडतात.

रोजची २० मिनिटं रविवारच्या सलग ३ तासांपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

दुखत असेल तर?

थांबा. बोटांच्या टोकांना सुरुवातीला तारा टोचणं स्वाभाविक आहे. मनगट, अंगठ्याचं मूळ किंवा कोपरापाशी होणारी वेदना मात्र वेगळी; ती स्नायू आणि स्नायुबंधांवर ताण आल्याची खूण असू शकते. विश्रांती घेऊनही ती गेली नाही, किंवा बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर डॉक्टरांना दाखवावं. दुखणं अंगावर काढल्यास गिटार काही महिने बाजूला ठेवायची वेळ येऊ शकते. त्यामुळे पुढच्या रियाजाला ठोके वाढवण्याआधी एकच गोष्ट तपासा : खांदा, कोपर आणि मनगट सैल आहे का? नसेल, तर लय थोडी उतरवा.