खरखर आणि उडी

१९४४ सालीं डब्लिन येथील जोसेफ बिगर या जंतुशास्त्रज्ञास एक कोडें पडलें. गळवें उत्पन्न करणाऱ्या जंतूंवर त्यानें पेनिसिलिनचा प्रयोग केला. जवळजवळ सर्व जंतु मेले. परंतु दहा लाखांत एखादा शिल्लक राहिला. हे उरलेले जंतु औषधास दाद न देणाऱ्या निराळ्या जातीचे असावेत, असें कोणासही वाटेल. पण त्यांची प्रजा वाढवून पाहिली, तों ती पेनिसिलिननें पूर्वींप्रमाणेंच मरूं लागली! एकाच वंशाचे, एकाच पात्रांत वाढलेले भाऊ. त्यांतून एकच कां वांचावा?

या कोड्यास उपयोगी पडणारा विचार १९५७ सालीं शिकागो येथें एका अगदीं निराळ्या प्रयोगांतून पुढें आला. ॲरन नोविक हा मूळचा रसायनशास्त्रज्ञ, अणुबाँबच्या कामावरून जीवशास्त्राकडे वळलेला. त्याचा सहकारी मिल्टन वायनर. आंतड्यांतील कोलाय जंतूस दुधांतील साखर मिळाली म्हणजे ती फोडणारें एक विकर, म्हणजे पाचक द्रव्य, तो तयार करूं लागतो. साखरेऐवजीं तिच्यासारखेंच एक द्रव्य अगदीं थोडें घातलें, तर पात्रांतील विकर हळूहळू वाढत जातें. प्रत्येक जंतु थोडें थोडें विकर करीत असावा, हाच याचा सरळ अर्थ. परंतु या दोघांनीं तें मिश्रण इतकें विरळ केलें कीं, एकेका नळींत फार तर एकच जंतु जावा. मग त्याची प्रजा वाढूं दिली. नळ्या तपासतां एकींत विकर भरपूर, दुसरींत जवळजवळ मुळींच नाहीं. अधलीमधली नळी सांपडेना. हळूहळू वाढत होती ती विकर करणाऱ्या जंतूंची संख्या. एकेक जंतु मात्र उडी मारूनच पलीकडे जात होता.

मी पुष्कळ वर्षें शाळेंत शिकविलें आणि वर्गाच्या गुणांची सरासरी इमानें इतबारें वर पाठविली. अर्ध्या मुलांस ८० व अर्ध्यांस २० गुण पडले, तर सरासरी ५०. पण ५० गुणांचा मुलगा वर्गांत शोधून मिळावयाचा नाहीं. तरीही सरासरीवरचा माझा विश्वास ढळला नव्हता, हें कबूल करतों.

उडी कां? जंतूच्या आवरणांत तें द्रव्य आंत घेणारीं जणूं दारें असतात, आणि विकर ज्या हुकमानें बनतें त्याच हुकमानें दारेंही बनतात. द्रव्य आंत आलें कीं दारें वाढतात, दारें वाढलीं कीं द्रव्य अधिक येतें. दारें थोडीं असतील तोंवर हें चक्र फिरत नाहीं. पुरेशीं झालीं कीं आपोआप फिरूं लागतें. मधें थांबावयास जागाच नाहीं.

पण पहिला धक्का कोण देतो? योगायोग! हुकूम लिहिलेल्या जागेवर आवर घालणारा एक रेणु बसलेला असतो. असे रेणु एका जंतूंत मोजकेच. ते केव्हां सुटतील याचा नेम नाहीं. अशा अनियमित चढउतारांस इंग्रजींत ‘नॉइज’ म्हणतात. आपल्या रेडिओच्या खरखरीसही तोच शब्द आहे. २००२ सालीं मायकेल इलोविट्झ व त्याचे सहकारी यांनीं एकाच जंतूंत दोन रंगांचीं प्रकाशणारीं प्रथिनें अगदीं एकसारख्या हुकमाखालीं ठेवलीं. तरीही एक जंतु एका रंगाकडे, तर शेजारचा दुसऱ्याकडे झुकलेला दिसला.

एकच दार उघडलें तरी उडीस पुरे, असा नोविकचा अंदाज होता. तो चुकला. २००८ सालीं हार्वर्ड येथें सनी शिए यांच्या मंडळीनें दाखविलें कीं, ३०० हून अधिक दारें लागतात. आवर घालणारा रेणु दोन हातांनीं धरून बसतो. एक हात सुटला तर तो लगेच पुन्हां धरतो, आणि तेवढ्यांत एखाददुसरें दार होतें. दोन्ही हात सुटले म्हणजे मात्र दारांचा लोंढा येतो. एका रेणूची पकड सुटते आणि सबंध जंतूची स्थिति पालटते!

आतां बिगरच्या कोड्याकडे वळूं. तेथील यंत्रणा निराळी आहे, पण योगायोग तोच. २००४ सालीं नताली बालबान आणि तिचे सहकारी यांनीं एकेक कोलाय जंतु सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवून पेनिसिलिनच्याच जातीचें औषध दिलें. वांचणारे जंतु औषध येण्यापूर्वींच वाढ मंदावून जणूं निजलेले होते, आणि औषध जंतूच्या वाढत्या भिंतीवर घाव घालणारें! औषध गेल्यावर ते पुन्हां वाढूं लागले.

ते निजलेले असावेत, असा तर्क बिगरनें १९४४ मध्येंच केला होता. म्हणून पेनिसिलिन मधें थांबवून, निजलेल्यांस जागें होऊं देऊन, मग पुन्हां द्यावें, अशी सूचनाही त्यानें केली होती. (आपण मात्र डॉक्टरांस विचारल्यावांचून गोळ्या सोडूं नयेत.) तो निजलेला जंतु डोळ्यांनीं पाहण्यास पुढें ६० वर्षें लागलीं.