टाळ्यांची नोंद : मॉस्कोचे एक सभागृह आणि पियानोच्या तीन मैफली

१/ सोव्हिएत वृत्तपत्रांत नेत्यांची भाषणे छापली जात, तेव्हा मजकुराच्या अधेमधे कंसात एक नोंद असे : ‘वादळी, प्रदीर्घ टाळ्या’. टाळ्या कशा वाजल्या, हाही तिथे सरकारी दप्तराचा विषय होता. त्याच देशात, मॉस्कोच्या एकाच संगीत सभागृहात, १९५७, १९५८ आणि १९८६ साली पियानोच्या तीन मैफली झाल्या. तिथे श्रोत्यांनी दिलेली दाद कोणी ठरवून दिलेली नव्हती. त्या प्रतिसादाचा हा इतिहास. (थ्रेड)

२/ आधी ठरवून दिलेल्या टाळ्यांविषयी. स्टालिनकाळातील एक प्रसंग अलेक्झांडर सोल्झेनित्सिनने ‘गुलाग आर्किपेलॅगो’त सांगितला आहे. मॉस्को प्रांतातील एका पक्षपरिषदेत स्टालिनला अभिवादन करण्याचे आवाहन झाले आणि सारे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. पण आधी थांबायचे कोणी? गुप्त पोलीस सभागृहातच होते. अकरा मिनिटांनी एका कागद कारखान्याचा संचालक खाली बसला. त्याच रात्री त्याला अटक झाली.

३/ संगीतही या नियंत्रणातून सुटले नव्हते. फेब्रुवारी १९४८ मध्ये पक्षाच्या केंद्रीय समितीने ठराव करून शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्ह, खाचातुरियन अशा अग्रगण्य संगीतकारांवर ‘रूपवादा’चा, म्हणजे जनतेपासून तुटलेली रचना केल्याचा ठपका ठेवला. काय रचावे, काय वाजवावे आणि पर्यायाने काय आवडून घ्यावे, हे वरून ठरू लागले.

४/ मार्च १९५३ मध्ये स्टालिनचा मृत्यू झाला. फेब्रुवारी १९५६ मध्ये ख्रुश्चेव्हने पक्षाच्या विसाव्या अधिवेशनात स्टालिनच्या अत्याचारांवर गुप्त भाषण केले. गोठलेले वातावरण किंचित सैल झाले. मात्र त्याच वर्षी हंगेरीतील उठाव रणगाड्यांनी चिरडला गेला. दार उघडले होते, पण किती, हे कोणालाच ठाऊक नव्हते. अशा काळात परदेशी वादक मॉस्कोत येऊ लागले.

५/ मॉस्को कन्झर्व्हेटरी ही संगीतसंस्था १८६६ ची. चायकोव्हस्की तिथे शिकवत असे. संस्थेचे ‘मोठे सभागृह’ १९०१ साली उघडले. त्यात सतराशेहून अधिक आसने आहेत. इथल्या श्रोत्यांत संगीताचे विद्यार्थी आणि शिक्षक मोठ्या संख्येने असत. समोर वाजणारी रचना त्यांनी स्वतः अभ्यासलेली असे. अशा श्रोत्याला फसवणे कठीण, आणि खूश करणे त्याहून कठीण.

६/ पहिली मैफल : ७ मे १९५७. कॅनडाचा ग्लेन गूल्ड तेव्हा २४ वर्षांचा होता. स्टालिननंतरच्या सोव्हिएत संघात वाजवणारा तो उत्तर अमेरिकेतील पहिला पियानोवादक. मॉस्कोत त्याचे नाव जवळपास कोणालाच माहीत नव्हते. पूर्वार्धात बाखच्या रचना होत्या आणि सभागृहात बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या.

७/ मध्यंतर झाले आणि श्रोते टेलिफोनकडे धावले. मित्रांना, सहाध्यायांना, शिक्षकांना निरोप गेले : असाल तसे या. उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा सभागृह भरले होते. वर्तमानपत्रांत परीक्षण यायचे होते, सरकारी मत ठरायचे होते. त्याआधीच मॉस्कोच्या श्रोत्यांनी आपले मत एकमेकांना कळवून टाकले होते. पुढच्या मैफलींच्या तिकिटांसाठी झुंबड उडाली.

८/ पाच दिवसांनी गूल्डने कन्झर्व्हेटरीच्या विद्यार्थ्यांसमोर बेर्ग, वेबर्न आणि क्रेनेक यांचे संगीत वाजवले. हे आधुनिक संगीत सोव्हिएत अभ्यासक्रमाला वर्ज्य होते. काही वयस्क प्राध्यापक उठून बाहेर गेले. विद्यार्थी बसून राहिले. कोण उठले आणि कोण बसले, यातूनही त्या दिवशी पुष्कळ काही बोलले गेले.

९/ दुसरी मैफल पुढच्याच वर्षीची, आणि तीच या कथेचा गाभा. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने ‘स्पुटनिक’ हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. पाठोपाठ, १९५८ च्या वसंतात, मॉस्कोत पहिली आंतरराष्ट्रीय चायकोव्हस्की स्पर्धा भरली. विज्ञानात सरशी झालीच होती; आता कलेतही श्रेष्ठत्व दिसावे, ही अपेक्षा उघड होती. संयोजन समितीचा अध्यक्ष शोस्ताकोविच होता. होय, १९४८ च्या ठरावातला तोच.

१०/ स्पर्धकांत टेक्सासचा व्हॅन क्लायबर्न होता. वय २३, उंच, सडपातळ, कुरळ्या केसांचा. पियानोचे पहिले धडे त्याला आईने दिले. ती आर्थर फ्रीडहाइमची शिष्या, आणि फ्रीडहाइम फ्रान्झ लिस्टचा शिष्य. न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संस्थेत तो रोझिना लेव्हिन यांच्याकडे शिकला. त्या स्वतः मॉस्को कन्झर्व्हेटरीच्या सुवर्णपदक विजेत्या; पुढे पतीबरोबर अमेरिकेत स्थायिक झाल्या होत्या.

११/ अंतिम फेरीसाठी चायकोव्हस्कीचा पहिला पियानो कॉन्चेर्टो होता. एकटा पियानो आणि सारा वाद्यवृंद यांना समोरासमोर आणणारी ही रचना. तिचा इतिहासही विलक्षण. १८७४ च्या डिसेंबरात चायकोव्हस्कीने ती कन्झर्व्हेटरीचा प्रमुख निकोलाय रुबिनस्टाइन याला ऐकवली, तेव्हा त्याने ती निकालात काढली. (पुढे त्याचे मत बदलले.) पहिला प्रयोग झाला तो १८७५ साली, थेट अमेरिकेतील बॉस्टनमध्ये. तिथल्या श्रोत्यांनी शेवटचा भाग पुन्हा वाजवायला लावला.

१२/ दुसरी रचना राखमानिनोव्हचा तिसरा कॉन्चेर्टो. राखमानिनोव्ह याच कन्झर्व्हेटरीचा विद्यार्थी. १९१७ च्या क्रांतीनंतर तो देश सोडून गेला तो परतला नाही. १९४३ साली अमेरिकेतच वारला. म्हणजे एकीकडे अमेरिकेने आधी उचलून धरलेली रशियन रचना, दुसरीकडे परक्या मातीत विसावलेल्या रशियनाची. आणि वाजवणारा टेक्सासचा.

१३/ ११ एप्रिल १९५८. वाद्यवृंदाचे संचालन किरिल कोंद्राशिनकडे होते. क्लायबर्नचा नाद भरदार होता, लय ऐसपैस होती आणि पियानोवर तो स्वर जणू गळ्यातून काढत होता. तयारी इतर स्पर्धकांचीही थक्क करणारी होती. मात्र त्याच्या वादनात श्रोत्यांना एक जुनी, आपल्याच घरातून हरवलेली शैली ऐकू आली. रोझिना लेव्हिन यांच्याबरोबर जे अमेरिकेत गेले होते, ते या मुलाच्या बोटांतून परत आले होते.

१४/ शेवटचा स्वर संपताच सभागृह उभे राहिले. टाळ्या आठ मिनिटे चालल्या. ‘पहिले बक्षीस! पहिले बक्षीस!’ असा घोष सुरू झाला. परीक्षकांनीही टाळ्या वाजवल्या. रशियन श्रोत्यांनी तोवर त्याचे नावही आपलेसे करून टाकले होते : व्हॅनचा ‘वान्या’, आणि लाडाने ‘वान्युशा’.

१५/ सोल्झेनित्सिनच्या त्या सभेतील अकरा मिनिटे आणि या सभागृहातील आठ मिनिटे शेजारी ठेवून पाहावीत. तिथे थांबण्याची भीती होती, इथे थांबण्याची इच्छा नव्हती. शिवाय हा घोष केवळ कौतुकाचा नव्हता. निर्णय परीक्षकांच्या आणि शासनाच्या हाती होता आणि श्रोते त्यावर आपले मत मोठ्याने सांगत होते. कोणतेही मत मोठ्याने सांगण्याची सवय त्या समाजाला उरली नव्हती.

१६/ परीक्षक मंडळाचा अध्यक्ष पियानोवादक एमिल गिलेल्स, सदस्यांत स्व्यातोस्लाव रिख्टर. सोव्हिएत श्रेष्ठत्वासाठी भरवलेल्या स्पर्धेत पहिले बक्षीस अमेरिकनाला द्यायचे, तर वरची संमती हवी. असे सांगतात की विचारणा ख्रुश्चेव्हपर्यंत गेली. त्याने एवढेच विचारले, तो खरोखर सर्वोत्तम आहे का? उत्तर होकारार्थी आले, तेव्हा तो म्हणाला, मग त्यालाच द्या.

१७/ क्लायबर्नला पहिले बक्षीस मिळाले. दुसरे बक्षीस सोव्हिएत संघाचा लेव्ह व्लासेंको आणि चीनचा लिऊ शिकुन यांच्यात विभागले गेले. २० मे रोजी न्यूयॉर्कने क्लायबर्नची भव्य मिरवणूक काढली. अभिजात संगीतातील कलावंताला तिथे असा मान प्रथमच मिळत होता. आपल्या वादकाचे मोल अमेरिकेला मॉस्कोच्या टाळ्यांनी कळवले.

१८/ इथे एक सावधगिरी आवश्यक. हे श्रोते बंडखोर नव्हते आणि टाळ्यांनी राज्य उलथत नाही. शासनालाही हा निकाल सोयीचाच होता : उदारपणा जगाला दाखवता आला. २८ मे १९५८ रोजी केंद्रीय समितीने १९४८ च्या ठरावातील चुका अंशतः मान्य केल्या, त्याचे श्रेयही त्या संध्याकाळला देता येणार नाही. वारे आधीच बदलत होते. श्रोत्यांनी ते अजमावून पाहिले आणि त्या रात्री त्यांच्यावर कारवाई झाली नाही, एवढेच म्हणता येते.

१९/ वारे सर्वत्र सारखे नव्हते. दुसरे बक्षीस मिळवणारा लिऊ शिकुन चीनला परतला. पुढे सांस्कृतिक क्रांतीत त्याला मारहाण झाली, हाताला गंभीर इजा झाली आणि काही वर्षे तुरुंगात काढावी लागली. ज्या पाश्चात्त्य संगीतासाठी मॉस्कोत टाळ्या मिळाल्या, तेच त्याच्या देशात गुन्हा ठरले होते.

२०/ तिसरी मैफल : २० एप्रिल १९८६, तेच सभागृह. व्लादिमिर होरोविट्झ १९२५ साली देश सोडून गेले होते. ६१ वर्षांनी, वयाच्या ८२ व्या वर्षी ते परतले, स्वतःचा पियानो बरोबर घेऊन. बहुतेक आसने अधिकारी आणि राजनैतिक पाहुण्यांसाठी राखीव होती. बाहेर ताटकळलेल्या तरुणांपैकी अनेक जण पोलिसांना न जुमानता आत घुसले आणि मिळेल तिथे उभे राहिले.

२१/ मैफलीनंतरच्या जादा रचनांत शूमानची ‘ट्रॉयमेराय’ होती : जेमतेम तीन मिनिटांची, शिकाऊ हातांनाही जमेल अशी. चित्रीकरणात एक वयस्क श्रोता दिसतो. तो हलत नाही, डोळे पुसत नाही. गालावरून अश्रू ओघळतो आहे. ६१ वर्षांत त्याच्या पिढीने काय काय पाहिले असेल, याचा तपशील त्या चित्रात नाही.

२२/ नेत्यांच्या भाषणांवरील टाळ्या जुन्या वृत्तपत्रांत आजही कंसात छापलेल्या सापडतात. त्यांवरून त्या माणसांच्या मनातले काहीच कळत नाही. मध्यंतरात केलेले टेलिफोन, ‘वान्युशा’ हे नाव, दारातून घुसलेली पोरे आणि गालावरचा तो अश्रू आठवणींत, बातम्यांत आणि चित्रफितींत विखुरलेले आहेत. मॉस्कोच्या श्रोत्यांना खरोखर काय वाटत होते, ते शोधायचे तर तिथेच शोधावे लागते.

(समाप्त)