पृथ्वीच्या छायेचें गणित

चंद्रग्रहण म्हटलें कीं राहूची कथा आठवते. परंतु चंद्र ज्या काळोखांत शिरतो तो आपल्या पृथ्वीचाच होय, आणि त्या प्रवेशाची वेळ आधीं वर्तवितां येते, ही गोष्ट आपल्या देशांत दीड हजार वर्षांपूर्वीं ग्रंथांतरीं नमूद झाली होती.

इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटानें ‘आर्यभटीय’ ग्रंथाच्या गोलपादांत चंद्रास पृथ्वीची छाया झांकते असें स्पष्ट सांगितलें आणि त्या छायेची लांबी काढण्याची रीतिही दिली. सूर्याच्या अंतरास पृथ्वीच्या व्यासानें गुणावें आणि सूर्य व पृथ्वी यांच्या व्यासांच्या वजाबाकीनें भागावें. आजचे आंकडे घातल्यास उत्तर सुमारें १४ लक्ष किलोमीटर येतें. चंद्र याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही जवळ आहे; तेथें छायेची रुंदी चंद्रबिंबाच्या अडीच पटींहून कांहींशी अधिक भरते.

मग दर पौर्णिमेस ग्रहण कां होत नाहीं? चंद्राचा मार्ग सूर्यमार्गाशीं सुमारें ५ अंशांनीं कललेला आहे, म्हणून तो बहुधा छायेच्या वरून किंवा खालून निघून जातो. चंद्र पाताजवळ असेल, म्हणजे त्याचा शर लहान असेल, तेव्हांच ग्रहण घडतें. शर आणि गति कळल्या कीं स्पर्श व मोक्ष यांच्या वेळा गणितानें निघतात.

हें सत्य मात्र निर्विवाद मान्य झालें नाहीं. इ. स. ६२८ मध्यें ब्रह्मगुप्तानें राहूस नाकारणाऱ्यांस दोष दिला. त्याचें स्वतःचें ग्रहणगणित मात्र छायेवरच उभें होतें. अकराव्या शतकांत अल्बेरूनीनें या विसंगतीबद्दल त्याची कानउघाडणी केली. रूढीला मान देतांनाही गणिताला सत्याशींच इमान राखावें लागतें, हा त्यांतील बोध.

पुढें कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० हें आरंभवर्ष धरून ‘ग्रहलाघव’ रचला. त्यांत ज्या-चापांचा खटाटोप टाळून सोपे गुणाकार-भागाकार योजिले. त्यामुळें सामान्य जोशासही ग्रहण वर्तवितां येऊं लागलें, आणि पुढील कित्येक पिढ्यांच्या पंचांगांना त्याच ग्रंथाचा आधार मिळाला.

१९ एप्रिल १९७५ रोजीं भारताचा पहिला कृत्रिम उपग्रह सोव्हिएट भूमीवरून आकाशांत गेला. त्यास नांव दिलें ‘आर्यभट’. सुमारें ६०० किलोमीटर उंचीवरून तो ९६ मिनिटांत एक प्रदक्षिणा करी, आणि एका फेरींत ३५ मिनिटांपर्यंत पृथ्वीच्या छायेंत राही. तेथें सूर्यप्रकाशावर चालणारे विद्युत्घट निकामी होतात; सारा भार आधीं भरून ठेवलेल्या बॅटरीवर पडतो. म्हणून छायाप्रवेशाची वेळ चुकून चालत नाहीं.

३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहांची गोष्ट तर चंद्रासारखीच आहे. वर्षाचा बहुतेक काळ ते छायेच्या वरून वा खालून जातात. फक्त दोन्ही विषुवदिनांच्या आगेमागें सुमारें ४५ दिवस त्यांस रोज ग्रहण लागतें, तें अधिकांत अधिक ७० मिनिटांच्या आसपास. दूरध्वनि आणि चित्रवाणी यांचे संदेश त्या काळांतही अखंड चालतात, कारण अंधाराची घटका अगोदर ठाऊक असते. आर्यभटानें ज्या छायेचें माप घेतलें, तीच ही छाया.