बुद्धिबळातील अंत्यडाव : संगणकीय विश्लेषण
पटावर मोजकी मोहरी उरल्यावरच्या स्थितींची बुद्धिबळ-इंजिनाने केलेली छाननी. अशा कूटस्थिती महाराष्ट्राला नव्या नाहीत. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा संस्कृतवरून केलेला अशा स्थितींचा संग्रह मुंबईत १८१४ साली इंग्रजीत छापला गेला. आज स्टॉकफिशसारखे इंजिन चाली मोजून अंदाज बांधते; राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंत मात्र आधीच सोडवून ठेवलेल्या स्थितींची सिझिजी कोष्टके अचूक निकालच देतात. दोन उंट विरुद्ध घोडा हा डाव पूर्वी बरोबरीचा मानत. संगणकशास्त्रज्ञ केन टॉम्प्सन यांच्या १९८३ च्या संगणकीय कामातून तो बहुधा जिंकता येतो, पण घोडा टिपायला ६६ चालीही लागू शकतात, हे दिसले. डाव इतका लांबला, तर पन्नास चालींच्या नियमापुढे तो विजय कागदावरच राहतो. बचावाची तटबंदी अभेद्य असली, तरी इंजिन अनेकदा ‘विजयी’ आकडा दाखवत राहते. तेव्हा आकड्यावर विसंबू नये. चाली पटावर मांडून पाहाव्यात.