परीक्षेविना प्रमाणपत्र : पेयजल ऑपरेटरांची पात्रता आणि वॉकर्टनची दुर्घटना

सार्वजनिक पाणीपुरवठ्याचा इतिहास बहुधा धरणे, जलवाहिन्या आणि साथीचे रोग यांच्या अंगाने लिहिला जातो. पंपगृहात बसून पाण्यात क्लोरिन सोडणारा व त्याची नोंद वहीत करणारा ऑपरेटर या इतिहासात क्वचितच आढळतो. वास्तविक विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून नागरिकांचे आरोग्य मोठ्या प्रमाणावर त्याच्याच हाती आले होते. १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटी या शहराच्या पाण्यात नियमितपणे क्लोरिन मिसळण्यास सुरुवात झाली. पाणी सुरक्षित राहणे हे आता केवळ निर्मळ उगमावर अवलंबून राहिले नाही. ते रोजच्या मात्रेवर, म्हणजेच मात्रा देणाऱ्याच्या ज्ञानावर व सचोटीवर अवलंबून राहू लागले. त्याच न्यू जर्सी राज्याने १९१८ मध्ये ऑपरेटरांना परवाना सक्तीचा केला. इतरत्र मात्र हा विचार फार मंद गतीने रुजला. अमेरिकेच्या संघीय कायद्यात त्यासंबंधीची तरतूद येण्यास १९९६ साल उजाडावे लागले.

कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात १९८७ मध्ये ऐच्छिक प्रमाणपत्राची योजना सुरू झाली आणि १९९३ च्या नियमांनी प्रमाणपत्र सक्तीचे झाले. वर्षाला चाळीस तासांचे प्रशिक्षणही आवश्यक ठरले. परंतु सेवेत आधीपासून असलेल्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न अशा प्रत्येक सुधारणेत उद्भवतो. ऑन्टॅरिओने सोयीचा मार्ग निवडला. जुन्या कर्मचाऱ्यांना केवळ अनुभवाच्या आधारे, परीक्षा न घेता, प्रमाणपत्रे देण्यात आली. या सवलतीमागे व्यवहारबुद्धी होती, हे नाकारता येत नाही; एका दिवसात सर्व गावांना परीक्षा उत्तीर्ण ऑपरेटर मिळणे शक्य नव्हते. तथापि चुकीच्या पद्धतीने वर्षानुवर्षे केलेले कामही या हिशेबात अनुभव म्हणूनच जमा होत होते.

याची किंमत सुमारे पाच हजार वस्तीच्या वॉकर्टन या गावाने मोजली. तेथील पाणीपुरवठ्याचे व्यवस्थापक आणि फोरमन हे दोघे सख्खे भाऊ होते व दोघांचीही प्रमाणपत्रे अशाच सवलतीतून आलेली होती. गावाची पाच क्रमांकाची विहीर उथळ होती आणि तिच्याजवळच शेत होते. मे २००० मध्ये झालेल्या अतिवृष्टीत शेतातील शेणखतातील जंतू भूजलावाटे या विहिरीत उतरले. त्यात ई. कोलाय ओ१५७:एच७ व कॅम्पिलोबॅक्टर हे दोन घातक जंतू होते. (शेतकऱ्याने खताचा वापर योग्य रीतीनेच केला होता, असा निर्वाळा पुढे चौकशीत मिळाला.) क्लोरिन मिसळल्यानंतर पंधरा मिनिटांनी पाण्यात लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक राहिले पाहिजे, असा दंडक होता. प्रत्यक्षात मात्रा त्याहून कमी दिली जात असे. शिल्लक क्लोरिनचे मोजमाप बहुतेक दिवशी होतच नसे आणि वहीत ०.५ किंवा ०.७५ असे आकडे भरले जात. नमुन्यांच्या बाटल्यांवर चुकीची ठिकाणे लिहिण्याचीही प्रथा पडली होती.

या वर्तनाचा उलगडा केवळ अप्रामाणिकपणाने होत नाही. गावातील काही लोकांना क्लोरिनची चव नकोशी वाटे, आणि विहिरीचे कच्चे पाणी शुद्धच आहे अशी या कर्मचाऱ्यांची प्रामाणिक समजूत होती. ते स्वतः ते पाणी पीत असत. शिल्लक क्लोरिन एकाएकी घटले, तर ती पाण्यात दूषण शिरल्याची सूचना असते. हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ती मोजणी निरर्थक उपचार वाटावी यात नवल नाही. खोटी नोंद करणाऱ्याला आपण काय दडवीत आहोत याचीच पुरती जाणीव नव्हती, ही या प्रकरणातील सर्वांत भयावह बाब होय.

१७ मे रोजी प्रयोगशाळेचा प्रतिकूल अहवाल व्यवस्थापकाकडे आला. १९ मे रोजी आरोग्य अधिकाऱ्यांनी विचारणा केली असता पाणी ठीक आहे असे सांगण्यात आले. अखेर २१ मे रोजी आरोग्य खात्याने स्वतःच्या अधिकारात पाणी उकळून पिण्याची सूचना प्रसृत केली. सात जण मृत्युमुखी पडले, तर सुमारे २,३०० लोक आजारी झाले.

न्यायमूर्ती डेनिस ओ'कॉनर यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल २००२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. सर्व दोष दोन भावांच्या माथी मारून आयोग थांबला नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. १९ मे रोजी खरी माहिती मिळाली असती तर तीनशे ते चारशे लोकांचे आजारपण टळले असते, असे त्याने नमूद केले. पण त्याचबरोबर पाचव्या विहिरीवर क्लोरिन व गढूळपणा सतत मोजणारी उपकरणे असती तर ही साथच उद्भवली नसती, असेही स्पष्ट म्हटले. ती बसवून घेण्याची जबाबदारी शासनाच्या पर्यावरण खात्याचीही होती. खात्याचे निरीक्षक वॉकर्टनला येऊन गेले होते, परंतु क्लोरिनच्या नोंदवह्यांतील त्याच त्या आकड्यांचा त्यांना संशय आला नाही. १९९६ मध्ये शासकीय प्रयोगशाळांनी पाण्याची नियमित तपासणी बंद केली आणि ते काम खासगी प्रयोगशाळांकडे गेले. त्यांच्यावर दूषित नमुन्याची माहिती आरोग्य खात्यास कळविण्याचे कायदेशीर बंधन नव्हते. शासकीय काटकसरीच्या त्या काळात हे बंधन घालण्याचे राहून गेले, की हेतुपुरस्सर टाळले गेले, यावर आयोगाने बरीच चर्चा केली आहे. नियमनाविषयी तत्कालीन सरकारला असलेली नावड त्यामागे होती, या मताकडे अहवालाचा कल आहे.

प्रमाणपत्रांबाबत आयोगाची शिफारस निःसंदिग्ध होती : सवलतीने प्रमाणपत्र मिळालेल्या प्रत्येकाने दोन वर्षांत परीक्षा द्यावी आणि ठराविक काळाने प्रमाणपत्राचे नूतनीकरण व्हावे. २००२ मध्ये प्रांताने सुरक्षित पेयजल कायदा केला, तर ऑपरेटरांच्या प्रमाणपत्रांसंबंधीचे नवे नियम २००४ मध्ये आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये व्यवस्थापकास एक वर्षाचा कारावास व फोरमनला नऊ महिन्यांची स्थानबद्धता झाली. लहान गावांच्या ऑपरेटरांना प्रशिक्षण देण्यासाठी स्थापन झालेले 'वॉकर्टन क्लीन वॉटर सेंटर' हेही २००४ चेच, आणि त्यासाठी जागा निवडण्यात आली ती याच गावाची.