बर्फ, बांगडा आणि 'हॅसेप'

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस काजळी नदी भाट्ये येथे समुद्रास मिळते. या किनाऱ्यावरील मासळी परदेशी जायची, तर तिला 'हॅसेप' या अन्नसुरक्षा व्यवस्थापन पद्धतीची कसोटी लागते आणि ती कसोटी बर्फापासून सुरू होते.

१९६०च्या दशकात अमेरिकी अंतराळवीरांच्या अन्नासाठी ही पद्धत विकसित झाली. तयार माल तपासत बसण्याऐवजी धोका जेथे उद्भवतो तो टप्पाच नियंत्रणात ठेवणे, हे तिचे सूत्र. १९९७ मध्ये युरोपीय संघाने भारतीय मासळीच्या आयातीवर काही काळ बंदी घातली, तेव्हा निर्यातदारांना तिची निकड पटली. २००५ मधील 'आयएसओ २२०००' या मानकातही हीच तत्त्वे आहेत. २०१८ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली.

बांगड्याचेच पाहा. पकडल्यानंतर तो शून्य अंशाच्या आसपास थंड न राहिल्यास जिवाणूंमुळे त्यात हिस्टामाइन तयार होते. शिजवून वा गोठवून ते नष्ट होत नाही. युरोपीय नियमानुसार नऊ नमुन्यांची सरासरी किलोमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी. २०० ची मर्यादा तर एकाही नमुन्याने ओलांडलेली चालत नाही. होडीवर बर्फ कमी पडला, की कारखान्याचे प्रमाणपत्र कितीही उत्तम असो, माल हातचा गेलाच. कारखान्याची नोंदवही मात्र त्याच्या दारातच सुरू होते, ही खरी अडचण. त्यामुळे माल स्वीकारताना माशाचे तापमान मोजणे आणि तांडेलाकडून जाळे ओढल्याची वेळ लिहून घेणे निर्यातदारास टाळता येत नाही.