पाव मैलाची जागा

गाड्यांचा मीटअप ठरला की ग्रुपवर आधी कोण कोणती गाडी आणणार याची यादी येते. क्रूझ संपता संपता कुणीतरी म्हणतोच, "हायवे रिकामा आहे, एक रेस होऊन जाऊ दे!" जागा, तपासणी, ॲम्ब्युलन्स हे कंटाळवाणे विषय कुणी काढत नाही. ड्रॅग रेसिंग मात्र उभं राहिलं ते याच विषयांवर.

दुसऱ्या महायुद्धाआधी कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड काढून त्या मुरॉकच्या कोरड्या तळ्यावर पळवायची. पुढे ते तळं लष्कराकडे गेलं. युद्धानंतर शर्यती शहरातल्या रस्त्यांवर आल्या आणि पोलीस मागे लागले.

१९५०मध्ये सांता आना विमानतळाच्या धावपट्टीवर तिकीट लावून ड्रॅग शर्यती सुरू झाल्या. धावपट्टीच का? सरळ, चौक नाही, आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, सुसाट गेल्यावर थांबायलाही जागा! १९५१मध्ये 'हॉट रॉड' मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी एनएचआरए ही संघटना काढली.

मला सगळ्यात भारी वाटते ती १९५४ची 'ड्रॅग सफारी'. चौघं जण स्टेशन वॅगनला ट्रेलर जोडून गावोगाव फिरले. वेळ मोजायची यंत्रं सोबत. शर्यत सुरक्षित कशी घ्यायची, गाडी कशी तपासायची, हे ते स्थानिक क्लबांना शिकवत. त्यांचा म्होरक्या बड कून्स हा पोमोनाच्या पोलीस दलातला सार्जंट!

लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीत ड्रॅग शर्यती झाल्या, त्याही धावपट्टीवरच.